अमेरिकेतली २११ हेल्पलाईन: वादळात, पुरात खरंच कामाला येते का? (रिव्ह्यू)

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. पण हे ४ तुम्ही फोन कधी करताय त्यावर आहेत. पाणी घरात शिरतंय, कुणाला दम लागलाय, विजेची तार तुटून अंगणात पडलीये अशा वेळी २११ ला शून्य, कारण ते त्यांचं कामच नाही, तिथे ९११ च लावायचा. २११ वाले बोट पाठवत नाहीत, अॅम्ब्युलन्स पाठवत नाहीत, कुणाला घ्यायला घरी येत नाहीत. ते फक्त सांगतात, की आत्ता या क्षणी काय उघडं आहे, कुठे जायचं, कुणाला फोन करायचा आणि तिथे काय कागद मागतील. एवढंच. आणि ज्याने वादळानंतरचे आठ दिवस काढलेत त्याला विचारा हे "एवढंच" किती असतं ते.

आपल्या मराठी ग्रुप्सवर दर हरिकेन सीझनला तेच प्रश्न येतात, शेल्टर कुठे आहे, लाईट कधी येणार, फेमाचा (म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचा) फॉर्म कोण भरू शकतं, एच-१बी वाल्याला म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला काही मिळतं का, आणि खाली पन्नास उत्तरं, त्यातली निम्मी मागच्या वादळातली आणि उरलेली कुणाच्या तरी चुलत मित्राने सांगितलेली. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

मी ह्यूस्टन भागात राहते. ८ जुलै २०२४ ला बेरील नावाचं वादळ आलं ते कॅटेगरी १ चं, म्हणजे कागदावर सगळ्यात खालचं, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नव्हतं, आणि इथल्या २२ लाखांहून जास्त ग्राहकांची लाईट गेली. काही भागांत आठवडा उलटून गेला तरी आली नव्हती. जुलैचं ऊन, एसी बंद, आणि आमच्याकडे तेव्हा सासूबाई आलेल्या, त्यांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावतात ते) लागतं. फेसबुकवर शोधलं तर एकाच लायब्ररीबद्दल एक जण म्हणतोय उघडी आहे, दुसरा म्हणतोय आत्ताच बंद बघून आलो. मग २११ लावला.

पलीकडे बाई होत्या, आवाज थकलेला पण घाई नव्हती. पहिला प्रश्न, तुम्ही सगळे आत्ता सेफ आहात का. मग झिप कोड. मग घरात विजेवर चालणारं मेडिकल मशीन कुणाला लागतं का, गाडी आहे का, गाडीत पेट्रोल आहे का, कुत्रा-मांजर आहे का. मला आधी वाटलं एवढी चौकशी कशाला, मला फक्त एक पत्ता हवाय. पण नंतर कळलं की पत्ता त्या उत्तरांवरच ठरतो. कूलिंग सेंटर, म्हणजे उन्हात लोकांना बसायला उघडलेल्या एसीच्या जागा, सगळी सारखी नसतात, काही संध्याकाळी बंद होतात, काहींत प्लग पॉइंटच मोजके, काहींत प्राणी चालत नाहीत. त्यांनी आम्हाला जमतील अशी ठिकाणं सांगितली, वेळा सांगितल्या, आणि वर सांगितलं की निघायच्या आधी तिथे फोन करून बघा कारण ही यादी दिवसभर बदलतेय. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं. आपली माहिती शिळी होऊ शकते हे स्वतःहून सांगणारी सर्व्हिस मी फार बघितलेली नाही.

शिवाय जाता जाता एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं टेक्सासमध्ये राहून मला माहीत नव्हती. घरी कुणाला विजेवरचं मशीन लागत असेल तर डॉक्टरांच्या सहीचा एक फॉर्म भरून वीज कंपनीकडे क्रिटिकल केअर किंवा क्रॉनिक कंडिशन अशी नोंद करता येते. त्याने तुमची लाईट जाणारच नाही अशी गॅरंटी अजिबात नाही, बॅकअप तुमचा तुम्हालाच ठेवावा लागतो, पण नोंद असलेली बरी.

आता ही भानगड चालते कशी ते थोडं सांगते, कारण ते कळलं की राग कमी येतो. २११ हा एक सरकारी कॉल सेंटर नाही. १९९७ मध्ये अटलांटाच्या युनायटेड वे या ना-नफा संस्थेने तिथल्या लोकांसाठी हा नंबर पहिल्यांदा सुरू केला, मग जुलै २००० मध्ये एफसीसीने, म्हणजे फोन-रेडिओचे नियम ठरवणाऱ्या सरकारी आयोगाने, हे तीन आकडे अख्ख्या देशात सामाजिक मदतीच्या माहितीसाठी राखून ठेवले. कॅनडातही आहे. पण प्रत्येक भागात चालवणारी संस्था वेगळी, कुठे युनायटेड वे, कुठे दुसरी ना-नफा संस्था, कुठे राज्य सरकार सोबतीला. एरवी इथे फोन येतात ते भाडं थकलंय, लाईटबिल भरायला मदत हवी, फूड पँट्री (फुकट धान्य मिळतं ती जागा) कुठे आहे यासाठी. म्हणजे आपत्ती नसतानाही हे लोक रोज हेच काम करत असतात, आणि माझ्या मते यातच सगळी मेख आहे. वादळ आल्यावर घाईघाईत उघडलेल्या हेल्पलाईनकडे नंबर असतो पण माहिती नसते. यांच्याकडे कुठली संस्था कुठल्या भागात काय देते, कुणाला देते, किती वाजेपर्यंत देते याची यादी आधीच बनवलेली असते, ती वर्षभर फोन करकरून तपासणारी माणसं वेगळी असतात, आणि वादळ आलं की त्याच यादीत शेल्टर, पाणीवाटप, वाळूच्या पिशव्या, बंद रस्ते, पाणी उकळून प्या अशा सूचना हे सगळं भरत जातात. फोन उचलणाऱ्या बाई आपल्याला दिसतात, ती यादी ताजी ठेवणारा माणूस दिसत नाही, आणि सर्व्हिस चांगली की वाईट हे खरं तर तोच ठरवतो.

२००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचं २११ सेंटर चालवणाऱ्यांनाच शहर सोडावं लागलं होतं. तेव्हा त्यांचे कॉल्स त्याच राज्यात बरंच उत्तरेला असलेल्या मनरोच्या सेंटरकडे वळवले, आणि ते सेंटर तसं छोटंसंच, देशभरातून लोक तिथे फोन उचलायला गेले. विचार करा, फोन करणारा छपरावर किंवा कुठल्यातरी अनोळखी गावातल्या शेल्टरमध्ये, आणि उचलणारा दुसऱ्याच राज्यातून आलेला स्वयंसेवक, ज्याने ते शहर कधी बघितलेलंही नाही. तिथे लिहून ठेवलेली यादी नसती तर काय बोलणार होता तो. २००७ च्या सॅन डिएगोच्या वणव्यातही तसंच, काही दिवसांत लाखाच्या वर कॉल्स, आणि ते २११ तेव्हा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

आता तक्रारी.

पहिली म्हणजे होल्ड. मोठ्या आपत्तीत पहिले दोन-तीन दिवस लाईन जाम असते, हे मान्य करूनच फोन लावा. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्सासमध्ये काही ठिकाणी ६० इंचांच्या वर पाऊस पडला, ह्यूस्टनचं ९११ सुद्धा कमी पडलं, लोक ट्विटरवर पत्ते टाकून बोटी मागत होते, तिथे माहितीच्या लाईनचं काय होणार. माझा सल्ला असा की ज्याला थांबता येईल त्याने दिवसाउजेडी सगळे करतात तेव्हा करू नये, २११ बहुतेक ठिकाणी २४ तास चालतं, पहाटे लावा. बऱ्याच भागांत तुमचा झिप कोड ८९८२११ वर टेक्स्ट केला तरी चालतं, आणि नेटवर्क कमजोर असताना कॉल लागत नाही पण टेक्स्ट जातो हे सगळ्यांनी अनुभवलंच असेल. नुसतं शेल्टरच शोधायचं असेल तर फेमाचा वेगळा टेक्स्ट आहे, इंग्रजीत शेल्टर हा शब्द, मग स्पेस, मग झिप कोड, आणि पाठवायचा ४३३६२ वर. त्यासाठी २११ ची लाईन अडवायची गरज नाही.

दुसरी तक्रार आपल्या लोकांना जास्त लागू आहे. तुम्ही न्यू जर्सीत बसून २११ लावलात तर न्यू जर्सीचं २११ लागतं. भाऊ टँपात अडकलाय, त्याचा फोन बंद, म्हणून तुम्ही इकडून माहिती काढायला जाता आणि ज्यांना लागतो त्यांच्याकडे फ्लोरिडाची यादी समोर नसते. यासाठी प्रत्येक राज्याच्या किंवा भागाच्या २११ ला नेहमीसारखा दहा आकडी नंबरही असतो, तो कुठूनही लागतो. टेक्सासचा ८७७-५४१-७९०५. ऑफिसच्या फोन सिस्टीमवरून किंवा इंटरनेट फोनवरून तीन आकडी नंबर कधी कधी लागतच नाही, तिथेही हाच वापरायचा. हे त्यांनी मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे, साइटवर कुठेतरी तळाशी लिहून ठेवतात, आणि तळाशी जाऊन वाचायला वादळात कुणाला वेळ असतो.

तिसरी, दर्जा सगळीकडे सारखा नाही. पैसा सगळीकडून थोडा थोडा जमवलेला, थोडा देणग्यांचा, थोडा काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा), थोडा राज्याचा, त्यामुळे एका काउंटीत चॅट, टेक्स्ट, सगळं चकाचक आणि बाजूच्या राज्यात नुसता फोन. फोन उचलणाऱ्यांचा यात दोष नाही. पण आपत्ती काय काउंटीच्या हद्दी बघून येत नाही ना. माझा कापलेला एक स्टार याचा आहे.

आता ज्याच्यामुळे ४ दिलेत तो भाग, तो म्हणजे वादळ गेल्यानंतरचा. टीव्हीवाले निघून जातात, ग्रुपवर पुन्हा बर्थडेचे मेसेज सुरू होतात, आणि तुमच्या घरात भिजलेलं ड्रायवॉल (इथल्या भिंतींचे जिप्समचे बोर्ड) वास मारत असतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं तसंच झालं, छप्पर उडून आत पाणी, इन्शुरन्सचा माणूस येतो येतो म्हणून फिरकेना (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी). त्यांना वाटत होतं इन्शुरन्सचा निकाल लागेपर्यंत फेमाकडे जायचंच नाही. २११ वर कळलं की असं थांबू नका, फेमाची मुदत साधारण आपत्ती जाहीर झाल्यापासून ६० दिवसांची असते, कधी वाढवतात पण त्यावर विसंबू नका, आधी अर्ज टाका आणि इन्शुरन्सचं पत्र आलं की मागून जोडा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत, पण इन्शुरन्सने जे भरलं नाही त्यातल्या काही गोष्टींना फेमाकडून मिळू शकतात. आणि फेमाकडून पात्र नाही असं पत्र आलं म्हणजे संपलं असं नसतं, बऱ्याचदा एखादा कागदच कमी असतो, त्यावर अपील करता येतं. लोक ते पत्र बघून खचतात आणि सोडून देतात. फेमाचा थेट नंबर ८००-६२१-३३६२, हे काम २११ करून देत नाही, ते फक्त दार दाखवतात, फॉर्म तुम्हालाच भरायचाय.

व्हिसावाल्यांसाठी वेगळं लिहिते कारण यावर सगळ्यात जास्त अफवा आहेत. फेमाची रोख मदत सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या ठराविक लोकांनाच मिळते, एच-१बी, एफ-१ (विद्यार्थ्यांचा) किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला स्वतःच्या नावावर नाही मिळत. पण घरात इथे जन्मलेलं लहान मूल असेल, म्हणजे सिटिझन, आणि ते तुमच्यासोबत राहत असेल, तर त्या मुलाच्या वतीने आईवडील अर्ज करू शकतात. आपल्यातली किती घरं यात बसतात बघा. बेरीलनंतर तातडीच्या गरजांसाठी म्हणून पात्र कुटुंबांना ७५० डॉलर मिळत होते, आणि आमच्या सोसायटीतल्या कितीतरी देसी लोकांनी "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून अर्जच टाकला नाही. आणि शेल्टर, पाणी, जेवण, मानसिक आधार यासारखी तातडीची मदत तर कुठलंही स्टेटस न बघता मिळते. २११ वर फोन केल्यावर मला स्टेटस विचारलंही नाही, नाव सांगायचं नसेल तरी चालतं. त्यामुळे घाबरून फोन न करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगा, विशेषतः जे बेसमेंटमध्ये किंवा तळमजल्यावर रूम घेऊन राहतात त्यांना.

भाषेचं म्हणाल तर ते इंटरप्रिटरला लाईनवर घेतात, १८० च्या वर भाषांची सोय आहे असं सांगतात. तीन माणसांचं बोलणं होतं त्यामुळे वेळ दुप्पट लागतो, होल्डच्या दिवसांत जीव वर-खाली होतो, पण ज्येष्ठांना एकटं फोन करायची वेळ आली तर हा मोठा आधार आहे. त्यांना फक्त हव्या त्या भाषेचं नाव इंग्रजीत सांगता आलं आणि झिप कोड पाठ असला की पुढचं पलीकडचा माणूस बघतो. सासूबाईंना मी झिप कोड पाठ करायला लावला तर म्हणाल्या "अगं पिनकोड आमचाच अजून पाठ नाही".

वादळाच्या आधी करायचं एक काम फार कमी लोकांना माहितीये. टेक्सासमध्ये स्टीअर नावाची नोंदवही आहे, म्हणजे ज्यांना बाहेर पडायला गाडी नाही, चालता येत नाही, मशीन लागतं, अशांची यादी, जी स्थानिक आपत्ती विभागाकडे जाते. २११ वर फोन करून नाव घालता येतं, फुकट आहे, पण दर वर्षी पुन्हा करावं लागतं. आणि नाव घातलं म्हणजे गाडी दारात येणारच असं समजू नका, ते स्वतःच स्पष्ट सांगतात की याची हमी नाही. काही जण यावरून चिडतात की मग उपयोग काय. माझं मत वेगळं आहे, ज्या अधिकाऱ्याला आपल्या भागात ऑक्सिजनवर किती लोक आहेत हे आधी माहीत आहे तो बसेस कशा मागवेल आणि ज्याला माहीतच नाही तो कशा मागवेल, यात फरक पडणारच. फक्त स्वतःची दुसरी सोय ठेवा. बाकी राज्यांत अशा याद्यांची नावं आणि पद्धती वेगवेगळ्या आहेत, तिथल्या २११ ला विचारा.

हे कॉल्स नुसते उचलून विसरत नाहीत, हेही मला नंतर कळलं. कुठल्या झिप कोडमधून कशासाठी किती फोन आले याचे आकडे नावं वगळून जमा होतात आणि २११ काउंट्स नावाच्या साइटवर बऱ्याच भागांचे आकडे कुणालाही बघता येतात. मी एकदा बसले बघत आणि रात्र गेली. घरभाडं आणि लाईटबिलासाठीचे फोन यादीत सतत वर. म्हणजे तुम्हाला मदत नाही मिळाली तरी तुमचा फोन कुठेतरी मोजला जातो, मग उद्या पाण्याचे ट्रक कुठे पाठवायचे हे ठरवणाऱ्याला निदान काहीतरी हातात असतं. ते वापरतात की नाही तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर रिव्ह्यू बाजूलाच राहील.

मदत करायची असेल त्यांनीही आधी २११ लाच विचारावं. जुन्या कपड्यांच्या पिशव्या भरून शेल्टरच्या दारात नेऊन टाकू नका प्लीज, तिथल्या लोकांना ते निवडत बसायला वेळ नसतो. चिखल उपसायला, ओलं ड्रायवॉल तोडायला माणसं हवी असतात, कुठल्या संस्थेकडे नाव द्यायचं ते सांगतात.

एक गोष्ट मात्र २११ कडून अपेक्षित करू नका, तासभर मन मोकळं करणं. त्यांच्यामागे रांग असते. आपत्तीनंतर झोप लागत नाही, पाऊस सुरू झाला की छातीत धडधडतं, पोरं रात्री दचकून उठतात, यासाठी वेगळी डिझास्टर डिस्ट्रेस हेल्पलाईन आहे, ८००-९८५-५९९०, चोवीस तास, टेक्स्टही चालतो. आपल्याकडे "त्यात काय एवढं, जीव वाचला ना" म्हणून हे सगळं झटकून टाकतात, तर तसं करू नका.

फोन लावायच्या आधी जवळ ठेवायच्या गोष्टी म्हणजे झिप कोड, घरात किती माणसं आणि त्यांची वयं, औषधं-मशीन काय, गाडी आहे की नाही, आणि कागद-पेन. पेन खरंच घ्या, फोनच्या नोट्समध्ये लिहीन म्हणाल तर बोलता बोलता बॅटरी जाते आणि नंबरही जातात. त्यांनी दिलेला प्रत्येक नंबर उलट वाचून दाखवा. पाहुणे आलेल्या आईवडिलांच्या फोनमध्ये तुमच्या राज्याचा दहा आकडी नंबर टाकून ठेवा, रोमिंगवरच्या इंडियन सिमवरून तोच लावायला सांगा, आणि हे सगळं १ जूनच्या आत करा कारण अटलांटिकचा सीझन त्या दिवशी सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. कुणी फ्लोरिडा, लुईझियाना, कॅरोलिनामधलं असेल तर तिथला अनुभव खाली लिहा, विशेषतः टेक्स्टची सोय तुमच्याकडे नीट चालते का ते.